डाव्या कुशीवर निजलेली बंदूक

बारामतीच्या बाजारात लोखंडी नांगर तयार मिळायला लागले आणि आमच्या घरातलं कालवण पातळ झालं. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, मुलखात सुबत्ता आली, असं लोक सांगतात. खोटं नाही ते. पण जळोचीत ती सुबत्ता आमच्या दारावरून सरळ पुढं गेली. आम्ही लोहार. लाकडी नांगराला दरसाल नवा फाळ लागायचा, तो पाजवायला माणूस भट्टीवर यायचा, आणि सुगीला आमच्या अंगणात पेंढ्या पडायच्या. कारखान्यातला नांगर नटबोल्टाचा. त्याचा फाळही दुकानातच मिळायचा. माणसं येईनाशी झाली, पेंढ्याही येईनाशा झाल्या. आई एकदा म्हणाली, "ऐरण रिकामीच हाय तर तिच्यावर भाकरी थापू का? न्हायतरी पीठ एकाच भाकरीचं हाय."

तशा दिवसांत मी पुण्याच्या कॉलेजात सायन्स शिकत होतो. मी हुशार होतो, हे मी सांगून टाकतो. शिष्यवृत्ती होती, तिच्यावर निम्मं भागायचं. उरलेलं निम्मं आबा, म्हणजे माझे वडील, कसं भागवायचे ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आमच्याकडं दोन भाते होते. एकाला पुरेल इतकंही काम उरलं नाही, तेव्हा आबांनी दुसऱ्याचं कातडं कापून माझ्यासाठी वहाणा करवून घेतल्या. वर्गातली मुलं बूट घालून यायची, मी भाता घालून जायचो.

इंटरच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आबांनी मला ऐरणीजवळ बसवलं. म्हणाले, "इंटर झाली की ये माघारी. दोघं मिळून भट्टी चालवू, न्हायतर दोघं मिळून बंद करू."

इंटरनंतर बी.एस्सी.ला अजून दोन वर्षं होती. त्या दोन वर्षांचं काय होणार, एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला.

आणि दोनच दिवसांत इंदापूरच्या फौजदारांची चिठ्ठी आली. मागं एकदा तिथल्या कचेरीतल्या तिजोरीची कडी अडकली होती, ती आबांनी सोडवली होती. ते फौजदारांच्या लक्षात होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं की तिजोरीवरच्या पहाऱ्याची एक जुनी बंदूक बिघडली आहे. आठ दिवसांनी चांदमारी आहे, वरचे साहेब नेमबाजी बघायला येणार आहेत. बंदूक त्यांच्यासमोर नीट चालली तर दोन्ही तालुक्यांतल्या बेड्या, कुलपं आणि बंदुका यांचं काम आबांना लेखी मिळेल. नाही चालली तर पुण्याचा माणूस बोलावला जाईल, आणि मग सगळं काम त्याच्याकडं.

आबांना वाचता येत नव्हतं. मी चिठ्ठी दोनदा वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तुझं कॉलेज एका बंदुकीत अडकलंय."

सरकारी बंदूक कचेरीबाहेर जाणार नव्हती, म्हणून आम्हीच निघालो. सर्व्हिस मोटारीत आबांनी लहान ऐरण मांडीवर घेतली होती. ड्रायव्हर म्हणाला, "मिस्त्री, ह्या पोराचं तिकीट?" आबा म्हणाले, "मांडीवरलं हाय, अजून चालाय लागलं न्हाय." अंथुर्णे गेलं, निमगाव केतकी गेलं, तरी लोक हसतच होते. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. कॉलेजात शिकणाऱ्याला बापाचे विनोद जड जातात.

कचेरीच्या ओसरीवर तिजोरीचा पहारा होता. एक हवालदार आणि तीन शिपाई, भिंतीला लाकडी घोडी, घोडीत चार बंदुका. बिघडलेली बंदूक हवालदाराची. हवालदार म्हणजे दोन मिशांमध्ये थोडा माणूस. जर्मन लढाईत जाऊन आलेला. ही बंदूक अकरा वर्षं त्याच्याकडं होती. ती दुसऱ्या कुणाच्या हातात दिली की त्याचा जीव वरखाली व्हायचा.

बंदूक जुन्या तऱ्हेची, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालची दांडी ओढली की तिची पाठ उघडते. काडतूस घालायचं, दांडी वर करायची, घोडा दाबायचा. पुन्हा दांडी ओढली की रिकामी पितळी पुंगळी आपोआप मागं उडून पडली पाहिजे. हिची पडत नव्हती. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जागा असते, साहेब तिला चेंबर म्हणतो, आबा कोठी म्हणत. त्या कोठीत पुंगळी घट्ट रुतून बसायची.

"मग काढता कशी?" आबांनी विचारलं.

हवालदारानं कोपऱ्यातली लोखंडी सळई दाखवली. "म्होरल्या तोंडातनं ही घालायची, आन दगडानं ठोकायचं."

"तवर चोर काय करतो?"

एक शिपाई म्हणाला, "चोर निमगावात जाऊन च्या पिऊन माघारी येतो. दमानं घेतो बिचारा."

हवालदारानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो उठून उगाच तिजोरीचं कुलूप ओढून बघायला लागला.

फौजदारांनी तपासणीसाठी तीन काडतुसं काढून दिली होती. मी आबांच्या आधी पुढं झालो. माझं निदान मोटारीतच झालं होतं. म्हटलं, "उष्णतेनं धातू प्रसरण पावतो. दारू पेटली की पुंगळी तापते, फुगते आणि अडकते. नळी थंड ठेवली पाहिजे."

"ऐकलंत का," हवालदार म्हणाला, "अकरा वर्सं आमाला हे कुणी बोललं न्हाय. बोला कॉलेजवाले, काय करायचं?"

मी पोतं भिजवायला सांगितलं. नळीला पाठीपासून तोंडापर्यंत ओलं पोतं गुंडाळलं. कचेरीमागच्या माळावर मातीचा बंधारा होता, तिथं हवालदार पालथा पडला. पोत्यातलं पाणी त्याच्या बाहीतून आत शिरलं आणि कोपरापाशी थांबलं. अव्वल कारकून खिडकीतून बघत होते. बार झाला. हवालदारानं दांडी ओढली. दांडी हलली, पुंगळी हलली नाही. नेहमीपेक्षा दोन दगड जास्तच लागले.

"थंड लई झाली," हवालदार बाही पिळत म्हणाला, "मीबी झालो."

आबा चिंचेखाली तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मला अडवलं नव्हतं, आणि आता हसलेही नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "तुझं बुक खोटं न्हाय. पुंगळी फुगती. ती फुगायलाच पायजे. पर फुगल्यावर ती परत आकसती बी. ही आकसत का न्हाय? फुगून ती कशात रुतून बसती, ते बघाय नगं?"

मग त्यांनी हवालदाराकडून मागच्या पुंगळ्या मागवल्या. रिकाम्या पुंगळ्या सरकारला परत द्याव्या लागतात, म्हणून त्या पिशवीत जपून ठेवलेल्या होत्या. आबांनी त्या धोतराच्या सोग्यावर मांडल्या आणि एकेक बोटानं फिरवून पाहिली. प्रत्येकीवर ओरखडे होते, पण एकाच अंगाला. दुसरं अंग गुळगुळीत.

"गोल वस्तू," आबा म्हणाले. "आत कशीबी जाती. म्हंजी ह्यावरनं अंग कंचं ते कळायचं न्हाय. हवालदार, कुंकू हाय का?"

दुसऱ्या कुणी कचेरीत कुंकू मागितलं असतं तर लोक हसले असते. हवालदारानं खिशातून डबीच काढून दिली. मला ते तेव्हा खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

आबांनी तेलात कुंकू कालवून दुसऱ्या काडतुसाच्या बुडावर एक रेघ ओढली आणि ती रेघ बरोबर वर ठेवून काडतूस आत घातलं. बार झाला. सळई, दगड, शिव्या. पुंगळी निघाली. रेघ वर धरून पाहिली तर सगळे ओरखडे डावीकडं.

"डावी भिंत," आबा म्हणाले. "आता आत बघू."

आत बघायचं म्हणजे कसं, ते मला कळेना. आबांनी पिशवीतून गंधक काढला. बैलांच्या खरजेसाठी तो आमच्या घरात असायचाच. त्यांनी नळीत कोठीच्या पुढं चिंधीचा बोळा घट्ट बसवला, कोठीला तेलाचा हात लावला, आणि पळीत मंद आचेवर गंधक वितळवून मधासारखा पिवळा झाल्यावर आत ओतला. वाऱ्यानं वास कचेरीत नेला. अव्वल कारकून उपरणं नाकाला लावून बाहेर आले. "हे काय चाललंय? यमाची कचेरी केली की काय?" हवालदार ताठ उभा राहून म्हणाला, "सरकारी काम चाललंय, रावसाहेब." ते पुन्हा आत गेले आणि खिडकी लावून घेतली.

गंधक थिजला. आबांनी पुढून सळईनं हलकेच रेटलं, आणि कोठीचा हुबेहूब ठसा, हळकुंडासारखा पिवळा, त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो माझ्या हातात दिला. "हे तुझं बुक. वाच."

मी बोट फिरवलं. उजवीकडं काचेसारखं गुळगुळीत. डावीकडं बारीक उंचवटे, खरखर, देवी येऊन गेलेल्या माणसाच्या गालासारखी. ठशावर उंचवटा म्हणजे कोठीत तिथं खड्डा. गंजानं पोखरलेले बारीक खड्डे. पुंगळी फुगली की त्या खड्ड्यांत पितळ भरायचं आणि पुंगळी भिंतीला चावून बसायची. हे मला त्या क्षणी असं लख्ख समजलं की कुठल्या प्रयोगशाळेत तसं समजलं नव्हतं.

"दारूच्या घाणीनं झालं असतं तर चारी अंगानं झालं असतं," आबा म्हणाले. "हे एका अंगानं झालंय. म्हंजी हिच्यात कायतरी वलं साचतं, आन ते साचतं तवा ही डाव्या कुशीवर निजलेली असती. कोठी रुंद, म्होरं नळी अरुंद, मधी उंबरा. त्या उंबऱ्याआड साचून ऱ्हातं. हवालदार, ही डाव्या कुशीवर कवा निजती?"

"निजत न्हाय," हवालदार म्हणाला. "घोडीत उभी असती."

"कवाच न्हाय?"

"सरकारी बंदूक हाय. निजंल कशाला?"

तो बोलत होता माझ्या वहाणांशी. तेवढ्यात मला एक गोष्ट आठवली. सकाळी आल्या आल्या मी ओसरीच्या भिंतीवर लाल मुंग्यांची रांग पाहिली होती. मी उठून पुन्हा जाऊन पाहिलं. रांग तशीच होती. भिंतीवरून घोडीवर, आणि घोडीत चार जागांपैकी एकाच जागेकडं, हवालदाराच्या बंदुकीच्या. बंदूक आमच्याकडं असल्यामुळं मुंग्या रिकाम्या जागेत गोंधळून फिरत होत्या. शेजारच्या तीन बंदुकांकडं एकही फिरकत नव्हती.

मी परत आलो आणि म्हणालो, "हवालदार, लोखंडाला मुंग्या लागत नाहीत. दसरा होऊन तीनच आठवडे झालेत. खंडेनवमीला तुम्ही हिची पूजा कशी करता?"

हवालदाराचा चेहरा मिशांत गेला. शिपायांपैकी एकाला खोकला आला, तो थांबेना.

"पूजा न्हाय करायची व्हय?" हवालदार शेवटी म्हणाला. "हत्यार हाय. लढाईत ह्या जातीच्या हत्यारानं मला जिता माघारी आणला. पाटावर ठिवतो. हळदकुंकू, फूल."

"आणि?"

"आन पंचामृत."

"वरून शिंपडता?"

"वरनं कशाला? देवाला काय सदऱ्यावरनं आंगूळ घालता का?" आता तो तापला. "पाठ उघडायची, पळीनं आत सोडायचं. म्होरनं नळीतनं येतं ते तीर्थ. पाळीपाळीनं समदे घेतो."

आबांनी तंबाखू थुंकली. "नळीतलं तीर्थ?"

"जरा तेलकट लागतं," खोकणारा शिपाई म्हणाला.

"आन डाव्या कुशीवर का?" आबांनी विचारलं.

"उजव्या अंगाला राजाचा मुकुट कोरलाय. तो पाटाला लावू का? सरकारी चाकरी हाय माझी!"

अकरा खंडेनवम्या. दर वेळी दूध, दही, तूप, मध, साखर. नळीतलं बाहेर निघून जायचं, उंबऱ्याआडचं आतच राहायचं. वर तो ते धुवायचा नाही, कारण तीर्थ पाण्यानं धुतलं तर पाप. दह्यानं अकरा वर्षं सावकाश लोखंड खाल्लं होतं. मला हसू आलं आणि मी ते दाबलं, कारण त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. "मीच खाल्ली म्हणा की तिला," तो म्हणाला.

आबा म्हणाले, "खाल्ली न्हाय. जरा चाटली. व्हतं नीट."

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. आबांनी बोरीच्या लाकडाचा दांडा कोठीच्या मापाचा तासला, त्यावर चिंधी गुंडाळली, तिळाचं तेल आणि कुरुंदाची भुकटी लावली. मी दांडा फिरवायचा, त्यांनी मोजून थांबवायचं. मी म्हणालो, "सगळे खड्डे जाईपर्यंत घासू." त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "कोठी मोठी झाली तर पुंगळी फाटंल, आन मग बंदूक भंगारात. खड्डं ऱ्हाऊ देत. खड्ड्याच्या कडा चावतात, त्या कडा मोडायच्या. दात पाडायचं न्हाईत, नुसतं बोथट करायचं." दर थोड्या वेळानं गंधकाचा नवा ठसा काढायचा, बोट फिरवायचं. अव्वल कारकुनांनी त्या आठवड्यात रजा घेतली. पाचव्या ठशाला खरखर गेली, नुसत्या खळ्या उरल्या. आबांनी दांडा माझ्या हातातून काढून घेतला. "बास. आता हात लावला तर बिघडंल."

तिसरं काडतूस तेव्हा वापरलं. पुंगळी उडून हवालदाराच्या मिशीला लागली. त्यानं ती कपाळाला लावली.

चांदमारीच्या दिवशी साहेब आले, खुर्ची टाकून बसले. हवालदाराला पाच बार करायचे होते. आबा बंदुकीकडं पाठ करून उभे राहिले. मी म्हटलं, "बघत का नाही?" ते म्हणाले, "ऐकाय येतंय की." जिथं हवालदार पडला होता तिथं मागं फरशीचा तुकडा होता, पुंगळी पडली की वाजायची. पहिला बार, आणि ठण्. दुसरा, ठण्. तिसरा, ठण्. चौथा बार झाला आणि काहीच वाजलं नाही. आबांनी डोळे मिटले. माझी बी.एस्सी.ची दोन वर्षं एकदम थंड पडली, ओल्या पोत्यात गुंडाळल्यासारखी. मी पाहिलं तर हवालदार शांतपणे दांडी ओढून झाला होता; पुंगळी फरशी सोडून गवतात पडली होती. "गवतात, आबा," मी म्हणालो. त्यांनी श्वास सोडला. पाचवी वाजली.

साहेब गेल्यावर फौजदारांनी आम्हाला खोलीत बोलावलं. हवालदार दाराशी उभा होता. फौजदार म्हणाले, "काम झालं. आता बिघाडाचं कारण लिहून द्या, इंग्रजीत, वर पाठवायचं आहे. खरं लिहा. खोटं निघालं तर कागद रद्द."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, हवालदारानं देवाकडं. खरं लिहिलं तर हवालदाराची फीत जाणार, खोटं लिहिलं तर आमचा कागद. मी माझ्या सगळ्या शिक्षणाला कामाला लावलं आणि लिहिलं, की कोठीच्या डाव्या भिंतीवर दुग्धजन्य आम्लाचा दीर्घकाळ परिणाम झाला असून हा परिणाम वर्षातून एकदाच, आश्विनाच्या सुमारास होतो. यात एक अक्षर खोटं नव्हतं.

फौजदारांनी वाचलं. 'दुग्धजन्य'च्या इंग्रजी शब्दावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी हवालदाराकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "यंदा मध जरा जास्त झाला होता."

हवालदाराचा हात मिशीकडं गेला.

"मीही घेतो दरवर्षी," फौजदार टाक शाईत बुडवत म्हणाले. "जरा तेलकट लागतं." त्यांनी माझं वाक्य खोडलं आणि वर 'हवामान' असं लिहिलं. "वरच्यांना हवामान कळतं. पुढच्या नवमीला पंचामृत वाटीत, बंदुकीच्या बाहेर. आणि तीर्थ वाटीतलं."

"व्हय साहेब," हवालदार म्हणाला. दाराबाहेर आल्यावर मात्र माझ्या कानाशी लागला, "पर कॉलेजवाले, त्याला ती चव न्हाय येणार."

आबांना दोन्ही तालुक्यांच्या सरकारी लोखंडी कामाचा कागद मिळाला. इंटर झाल्यावर दोन वर्षांनी मी बी.एस्सी. झालो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी, आणि त्या हवालदाराच्या बंदुकीत पुन्हा पुंगळी अडकली नाही.